वळवाचं वारं आणि आधीच सैल झालेलं छप्पर

वळीव होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत एकच वाक्य कानावर येतं, "वारंच तसलं होतं!" कुणाच्या गोठ्याचा पत्रा शेजारच्या उसात जाऊन पडलेला असतो, कुणाच्या गच्चीवरचं शेड पलीकडच्या बोळात, कुणाच्या पाख्यावरची चार-पाच ओळी कौलं अंगणात. सगळे वाऱ्याला शिव्या घालतात आणि विषय संपतो. पण त्याच गल्लीत, तेवढ्याच उंचीचं, तसल्याच पत्र्याचं आणखी एक घर असतं आणि त्याचा साधा स्क्रूही हललेला नसतो. वारं दोघांना एकच लागलं. मग एकाचंच छप्पर का गेलं?

याचं उत्तर त्या अर्ध्या तासाच्या वादळात शोधून सहसा सापडत नाही. ते त्याआधीच्या वर्षभराच्या हवेत असतं. एप्रिलचं ऊन, मधेच कोसळलेला पाऊस, परत ऊन, श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ, दिवाळीनंतरचं दव, फेब्रुवारीत दुपारी तेहतीस-चौतीस अंश आणि पहाटे सोळा-सतरा. अशा प्रत्येक उलटापालटीत छप्पर थोडं फुगतं, थोडं आक्रसतं, भिजतं, वाळतं. एकसारखं ऊन छप्पर सोसतं, एकसारखा पाऊसही बऱ्यापैकी सोसतं. एकातून दुसऱ्यात सारखं जाणं मात्र त्याला झेपत नाही, आणि त्याचा मार बसतो नेमका सांध्यांवर: स्क्रू, वायसर, खिळा, रीप (कौल जिच्यावर अडकतं ती लाकडी पट्टी), आढ्यावरच्या कोन्या कौलांखालचा माल, स्लॅबची चीर. हातानं तार तोडायची असली तर आपण ती ओढत बसत नाही, इकडून तिकडं वाकवत राहतो. शेवटचा झटका अगदी हलका पुरतो. वळवाचं वारं बहुतेक वेळा तो शेवटचा झटका असतं.

वारं पत्रा उचलतं म्हणजे काय होतं?

महापुरानं आपल्याला आकड्यांची सवय लावली. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट पाणी म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे पेठेतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. वाऱ्याच्या आकड्यांचं तसं नाही. हवामान खात्याचा इशारा येतो, 'ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगानं वारे', आणि आपण तो वेग गाडीच्या काट्याशी ताडून मोकळे होतो. चाळीसनं तर मोपेडही जाते, त्यात घाबरायचं काय!

घोळ इथंच होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात याचं साधं सूत्र दिलंय. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ नं गुणायचं. येतो तो दाब, न्यूटन प्रति चौरस मीटर. किलोच्या भाषेत बोलायचं तर ताशी ४० किलोमीटरला चौरस मीटरमागं साधारण साडेसात किलो, ८० ला ३० किलो, १०० ला ४७ किलो. छपराचा उतार आणि जागा बघून हा आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाजाला एवढं पुरे.

आता दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद असा एक पत्रा घ्या. अर्धा मिलिमीटर जाडीचा असला तर त्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास भरतं. त्याचं क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर. म्हणजे ८० च्या झोतात त्याला वर ओढणारा जोर जवळजवळ एक क्विंटल! पत्र्याचं स्वतःचं वजन वजा केलं तर उरलेले ऐंशी-पंच्याऐंशी किलो फक्त स्क्रू किंवा इंग्रजी 'J'च्या आकाराचे हुक धरून ठेवतात.

वारा आडवा येतो आणि पत्रा वर का जातो, हा प्रश्न रास्त आहे. छपरावरून जाताना वारा कडेशी आणि आढ्याशी वळतो, वेग घेतो आणि पत्र्यापासून सुटतो. तिथं पत्र्यावरचा दाब घटतो. घरातला दाब मात्र तेवढाच असतो, तो वर ढकलू लागतो. त्यात वाऱ्याच्या तोंडाचं दार उघडं राहिलं की आतला दाब आणखी चढतो. एका अंगानं मोकळे असलेले गोठे आणि गुऱ्हाळाची शेडं घरांच्या आधी जातात ती याच कारणानं. कोपऱ्यात, वळचणीला आणि आढ्याजवळ हा ओढा मधल्या भागाच्या दुप्पटही होतो. म्हणून छप्पर मधून जात नाही. कोपऱ्यातला एक स्क्रू सुटतो, त्याचा भार शेजारच्यावर पडतो, तो सुटतो, मग ओळच्या ओळ उसवत जाते. सगळा खेळ काही सेकंदांचा.

पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूची पोती ठेवायची आपली जुनी रीत. किरकोळ वाऱ्यात पत्रा फडफडू नये एवढ्यापुरती ती ठीक. क्विंटलभर ओढ्यापुढं आठ-दहा किलोचा दगड काय करणार? उलट पत्रा उचलला की तोच दगड खालच्या माणसाच्या डोक्यात येतो.

एका स्क्रूभोवती

पाच-सहा उन्हाळे खाल्लेला पत्रा कुठं उतरवून ठेवलेला दिसला तर त्यातलं एक भोक जवळून बघा. बसवलं तेव्हा ते गोल होतं, स्क्रूच्या मापाचं. आता ते पत्र्याच्या लांबीच्या दिशेनं लांबट झालेलं असतं. भोवती वायसरच्या मापाचं एक कडं, त्यात पांढरी भुकटी, भुकटीच्या आत तपकिरी डाग, आणि उताराच्या अंगाला गंजाचा एक बारीक ओघळ. वायसरचं रबर नखानं दाबून बघितलं तर दबत नाही. कडेनं भेगा पडलेल्या असतात आणि मधून ते टणक झालेलं असतं.

लांबट भोक हे तापण्या-निवण्याचं काम. लोखंड एका अंशाला मीटरमागं ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण एप्रिलच्या दुपारी उघडा पत्रा ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि वळवाची पहिली सर पडली की काही मिनिटांत वीस-बावीसवर येतो. दहा फुटी पत्रा तेवढ्यात दीड मिलिमीटर आक्रसतो, वीस फुटी पत्रा तीनेक. पत्रा ज्यावर स्क्रूनं बसवतात ते खालचं लोखंडी चॅनेल सावलीत असतं, ते एवढं तापतही नाही आणि निवतही नाही. पत्रा हलतो, चॅनेल हलत नाही आणि मधे सापडतो स्क्रू. ऊन उतरताना पत्रा टक् टक् वाजतो, तो आवाज याच ओढाताणीचा. ढग-उन्हाच्या दिवसांत तर हे दिवसातून अनेकदा घडतं, कारण ढग आला की पत्रा निवतो, सरला की परत तापतो.

पांढरी भुकटी म्हणजे जस्त. गॅल्व्हनाईज पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो स्वतः झिजून खालचं लोखंड वाचवतो. पाणी पडून मोकळ्या हवेत वाळलं की जस्तावर चांगला टिकाऊ पापुद्रा धरतो. पण वायसरखाली किंवा दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या चढाखाली पाणी अडकून बसलं की तिथं पापुद्रा धरत नाही, जस्त पांढरं पडून निघून जातं. आणि हे पाणी फक्त पावसाचंच असतं असं नाही. डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेच्या काठानं धुकं धरतं त्या दिवसांत पत्रा रात्री आभाळाकडं उष्णता टाकून भोवतालच्या हवेहूनही गार होतो आणि त्याला आतून घाम फुटतो. ते पाणी चढात आणि भोकात उतरतं. पावसाळा संपला म्हणजे पत्र्याची काळजी संपली, हा समज काढून टाकलेला बरा.

रबराचा शत्रू म्हणजे ऊन. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेनं ते वाळतं, तडकतं. स्वस्त वायसर दोन-तीन उन्हाळ्यांत जातो, ईपीडीएम जातीच्या रबराचा बराच जास्त टिकतो. दोघांच्या किमतीतला फरक एका पत्र्यामागं चहाच्या दोन कपांएवढा असेल, पण छप्पर घालताना नेमकी तिथंच काटकसर होते. हे मला कधी कळलेलं नाही.

पत्रा थकतो हे जगाला नीट कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात. १९७४ च्या नाताळात तिथं ट्रेसी चक्रीवादळ आलं आणि शहरातली बहुतेक घरं उद्ध्वस्त झाली. नंतर इंजिनियरांनी पडलेली छपरं तपासली. पुष्कळ ठिकाणी पत्रा एका मोठ्या झोतानं सुटलेला नव्हता. तासनतास कमी-जास्त होणाऱ्या वाऱ्यानं स्क्रूभोवती बारीक तडे गेले होते, ते वाढत गेले होते, आणि शेवटी स्क्रू जागेवर राहून पत्रा त्याच्या डोक्यावरून निघून गेला होता. त्यानंतर तिथं पत्रे तपासताना एकदाच मोठा जोर लावून न थांबता हजारो वेळा कमी-जास्त जोर लावून बघायची पद्धत आली. आपल्याकडं तेवढं वादळ येत नाही. पण चॅनेलवर स्क्रू ताठ उभे आणि पत्रा गायब, हे चित्र वळवानंतर आपल्याकडंही बघायला मिळतं.

म्हणून लांबट भोकात तोच स्क्रू परत आवळून उपयोग नसतो. तिथं जाड स्क्रू आणि मोठा वायसर लागतो, नाहीतर शेजारी नवं भोक पाडून जुनं नीट बुजवायचं. आणि फार आवळायचंही नाही. पत्रे बसवणारं पोरगं म्हणतं, "काका, गच्च बसवतो, हलायचं नाव न्हाई," आणि मशीन दाबून धरतं. वायसर कडेनं बाहेर फुगतो, पत्र्याचा उंचवटा चेपतो आणि त्या खळग्यात पाणी साठायला लागतं. वायसर जरासा दबला की थांबायचं. गंजावर डांबर थापणं ही तर शुद्ध फसवणूक आहे, स्वतःचीच. वरून काळं-चकचकीत दिसतं, खाली ओल कोंडून गंज निवांत वाढतो. आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा, प्रायमर मारायचा, मग पुढचं.

कौलं: वजन आहे, पकड नाही

कौलारू घराचं गणित उलटं. एक मंगलोरी कौल सव्वादोन-अडीच किलोचं असतं आणि चौरस मीटरला चौदा-पंधरा बसतात. म्हणजे पस्तीसेक किलो, पत्र्याच्या सात-आठपट. नुसत्या ओढ्यानं एवढं वजन उचलायला वाऱ्याला बराच वेग लागतो. पण कौल कशानं बांधलेलं नसतं. मागच्या अंगाला त्याला दोन दात असतात, ते रिपेवर अडकतात, बस्स. रीप सरकली, वाकली, कुजली की दात निसटतो, कौल दोन बोटं खाली घसरतं आणि वरच्या-खालच्या कौलांत फट पडते. वाऱ्याला आत शिरायला तेवढी फट भरपूर झाली.

रीप का सरकते? लाकूड ओल धरलं की आडवं फुगतं, वाळलं की आडवं आक्रसतं. लांबीत फारसा फरक पडत नाही. दर वर्षी चार महिने फुगणं आणि आठ महिने वाळणं. या हालचालीत खिळा हळूहळू ढिला होतो. त्यातही ओल्या लाकडात ठोकलेला खिळा लाकूड वाळल्यावर बरीचशी पकड गमावतो. वखारीतून आणलेल्या ओलसर रिपा मेच्या शेवटी घाईघाईनं ठोकल्या तर पुढच्या उन्हाळ्यात त्या हातानं हलतात. आढ्यावरच्या कोन्यांखाली हल्ली सिमेंटचा माल भरतात. तो कडक असतो. खालचं लाकूड हलतं, माल हलत नाही, मग तडकतो. जुन्या घरांतला चुन्याचा माल जरा मऊ असायचा आणि ही हालचाल बरीच सोसायचा.

जुलैत आणखी एक गोष्ट जुळून येते. भाजलेलं कौल सच्छिद्र असतं, पाणी पितं आणि जड होतं. त्याच वेळी भिजलेल्या वाशाची ताकद कमी झालेली असते. छपराचं वजन वाढतं आणि ते पेलणारं लाकूड कमजोर होतं. जुनी पाखी नेमकी झडीच्या दिवसांत बसतात त्यामागं हेच आहे; त्याला वादळ लागतंच असं नाही. थंडीनं कौलात बर्फ होऊन कौल फुटतं, असं परदेशी लेखांत वाचायला मिळतं. तो आपला प्रश्न नव्हे. आपल्याकडं कौलाचे वैरी म्हणजे शेवाळ, वानरं आणि वाळवी.

गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथून पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळकडं पाच-सहाशे. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडं उन्हाळ्यात कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसवायची, म्हणजे शाकारणी करायची, शिस्त अजून टिकून आहे. पूर्वेकडं मात्र 'आमच्याकडं पाऊसच कुठाय' म्हणून छपराकडं पाच-पाच वर्षं कुणी मान वर करून बघत नाही. पाऊस कमी असेल, पण ऊन तिकडं जास्त तापतं आणि वळवाचं वारं काही कमी नसतं. दुर्लक्षाची किंमत तिकडं जास्त मोजावी लागते असं माझं मत आहे.

पहिलाच वळीव का नडतो?

एप्रिल संपता संपता छपराची अवस्था बघा. लाकूड वर्षातलं सगळ्यात कोरडं, म्हणून आक्रसलेलं आणि खिळे सर्वांत ढिले. कौलं कोरडी, म्हणून सर्वांत हलकी. पत्रा दुपारी पूर्ण ताणलेला. वायसर उन्हानं नुकतेच भाजून निघालेले. म्हणजे छप्पर वर्षातलं सर्वांत सैल असतं, आणि नेमक्या अशा वेळी वर्षातलं सर्वांत झटक्याचं वारं येतं.

मान्सूनचं वारं जोराचं असलं तरी त्याला एक नेम असतो. मावळतीकडून येतं, दिवस-दिवस चालतं. वळवाचं वारं ढगातून खाली पडतं. दुपारभर तापलेली हवा वर चढते, समुद्राकडून आलेली ओल तिला मिळते आणि उंचच उंच ढग बांधला जातो. त्यातला पाऊस खालच्या कोरड्या हवेतून येताना अर्धामुर्धा वाटेतच वाळून जातो. वाळताना तो हवेतली उष्णता ओढून घेतो. गार झालेली हवा जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडं पसरते. पावसाच्या थेंबाआधी धुळीचा लोट आणि गार झोत येतो तो हाच. दहा-पंधरा मिनिटांत पारा आठ-दहा अंश उतरतो. त्याच दहा-पंधरा मिनिटांत तापलेला पत्रा आक्रसत असतो आणि झोत त्याला वर ओढत असतो. दोन्ही जोर एकाच स्क्रूवर, एकाच वेळी.

दिशेचाही घोटाळा होतो. झोत कुठून येणार हे ढग कुठं आहे त्यावर ठरतं. बरेचदा तो उगवतीकडून येतो. आपली घरं मात्र मावळतीच्या झडीला तोंड द्यायला बांधलेली. वळचण तिकडं लांब काढलेली, आडोसा तिकडं केलेला, आणि चांगल्या कारागिरानं पत्र्याचे चढही पश्चिमेचा वारा आत शिरणार नाही अशा बेतानं घातलेले. वळवाला त्याच चढाची उघडी कड सापडते.

गारांबद्दल एवढंच सांगतो. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं आणि पडण्याचा वेगही वाढतो, त्यामुळं आघात साधारण सोळापट. हरभऱ्याएवढ्या गारा नुसत्या वाजतात. लिंबाएवढ्या गारा जुना सिमेंटचा पत्रा फोडतात, कारण वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन तो ठिसूळ झालेला असतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. तुकडे उचलताना ते ओले करायचे, तोंडाला चांगला मास्क लावायचा, झाडूनं कोरडं झाडायचं नाही आणि त्याचा चुरा करून रस्त्यावर भर म्हणून टाकायचा नाही.

खरं नुकसान कधीकधी पहिल्या वादळात होतच नाही. पहिल्या दिवशी चार कौलं घसरतात. दुसऱ्या दिवशी कडक ऊन, म्हणून कुणी वर बघत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत वळीव, आणि या वेळी पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. भिंत मातीत बांधलेली असेल तर ती वरून मऊ होते, तिच्यावर टेकलेला वासा सैल होतो, आणि मग कमी वाऱ्यातही अख्खं पाखं जातं. दोन वादळांमधला कोरडा दिवस हा दुरुस्तीचा असतो. पक्कं काम जमलं नाही तर ताडपत्री तरी ओढून घ्यावी.

"आपला काय, स्लॅब आहे!"

स्लॅब उडत नाही हे खरं. पण उलटापालट त्यालाही सोडत नाही. दहा मीटरचा स्लॅब तीस अंशांच्या फरकानं तीनेक मिलिमीटर लांब-आखूड होतो आणि कठड्याच्या बुडाशी केसासारखी चीर पडते. पुढचं सगळं त्या चिरेतून. काँक्रीटमधल्या सळीला गंजापासून राखणारा अल्कलीचा गुण हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू खातो. काँक्रीट अर्धवट कोरडं असताना हे काम वेगानं होतं. सळी गंजायला मात्र ओल लागते. नेहमी कोरडा असलेला स्लॅब टिकतो, नेहमी पाण्याखाली असलेलं काँक्रीटही टिकतं. आलटून पालटून भिजणारा-वाळणारा स्लॅब लवकर बिघडतो. गंजलेली सळी मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागते आणि खालचे पोपडे सुटायला लागतात.

वादळाच्या दृष्टीनं शहरात जास्त भीती गच्चीवरच्या शेडची. महापालिकेची परवानगी आहे की नाही हा वेगळा विषय, पण राजारामपुरीपासून शिवाजी पेठेपर्यंत गच्चीवर पत्र्याचं शेड नाही अशी इमारत शोधावी लागेल. तिसऱ्या मजल्यावर वारा जमिनीपेक्षा जोराचा असतो, शेड चारी बाजूंनी मोकळं असतं, आणि त्याचे खांब पुष्कळदा नुसत्या कोब्यात चार बोल्ट मारून उभे केलेले असतात. कोबा ऊन-पावसानं स्लॅबपासून सुटतो. मग स्क्रू चांगले, पत्रा चांगला, चॅनेल चांगलं, आणि शेड खांबासकट खालच्या रस्त्यावर. बोल्ट कोबा ओलांडून स्लॅबपर्यंत गेलेत का, हे काम करणाऱ्याला विचारा. सोलर हीटरच्या स्टँडलाही तोच प्रश्न लागू आहे.

मृगाची वाट बघू नका

पूर्वीचा हिशेब सोपा होता. अक्षय्य तृतीयेनंतर छपराचं काम काढायचं आणि मृगाआधी उरकायचं. २०२५ साली हा हिशेब साफ कोलमडला. मे महिनाभर पाऊस, २४ मेला मान्सून केरळात आणि लगेच २५ मेला महाराष्ट्रात. ज्यांची कौलं तेव्हा अंगणात उतरवलेली होती त्यांनी ताडपत्रीखाली जून काढला. दर वर्षी असं होईल असं कुणीच म्हणत नाही. पण हवा एक अंशानं तापली की तिची वाफ धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पडतो तेव्हा जास्त जोरात पडण्याकडं पावसाचा कल त्यामुळंही आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. उलटापालट वाढणार असेल तर होळी झाली की छपराकडं वळावं हे उत्तम. दिवाळीनंतर, सगळं वाळल्यावर, पुन्हा एक नजर टाकावी.

तपासणीला वर चढायचीही गरज नसते. भर दुपारी दारं-खिडक्या लावून, दिवे बंद करून आतून वर बघा. जिथं उजेडाचा ठिपका दिसतो तिथून पाणी येणार आणि वाराही. पत्र्याला खालून काठीनं हलकं ढकला. खडखडला तर स्क्रू ढिला आहे. मग चॅनेल किंवा वासा भिंतीला कसा धरलाय ते बघा. नुसता विटांवर टेकवलेला असेल तर वरचे स्क्रू कितीही भारी असोत, छप्पर एकसंध उडतं. लोखंडी पट्टीनं तो भिंतीत खोलवर, शक्य असेल तर लिंटल बीमला बांधून घ्यावा. स्क्रू वाढवायचे असतील तर सगळीकडं सारखे वाढवून पैसे घालवू नका. वळचण, आढं आणि दोन्ही कडांच्या ओळींना वाढवा. कौलांतही कडेच्या दोन-तीन ओळी तारेनं रिपेला बांधाव्यात; मंगलोरी कौलाच्या पोटाला त्यासाठी छोटं भोक असतं, आपण ते वापरत नाही एवढंच.

चढायचंच असेल तर पत्रा पूर्ण वाळल्यावर, स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे चॅनेलवर पाय देत. सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका. छपरावरून किंवा जवळून मीटरची वायर गेली असेल तर आधी मेन स्विच बंद करा. वायर तुटून पत्र्यावर पडलेली दिसली तर मेन बंद करूनही हात लावायचा नाही, कारण ती खांबाकडून जिवंत असते, महावितरणला कळवा.

नुकसान झालंच तर आवराआवर करायच्या आधी फोटो काढा: लांबून एक, सुटलेल्या जागेचे जवळून काही. ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तलाठ्यांना, कळवून पंचनामा करून घ्या. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत अंशतः पडझडीची मदत घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं असेल तरच मिळायची. पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० आणि गोठ्याला ३,०००. आजच्या पत्र्याच्या भावात यात फार काही बसत नाही. घराचा विमा असेल, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं मिळणारी 'भारत गृह रक्षा' किंवा तिच्यासारखी पॉलिसी, तर वादळाचं नुकसान त्यात धरलं जातं, पण झिजेनं झालेलं धरलं जात नाही. सर्व्हेअर आल्यावर वाद होतो तो इथंच: गंजलेलं भोक आणि कुजलेली रीप दाखवून तो झीज म्हणतो, आपण वादळ म्हणतो. स्क्रू बदलल्याची, रंग दिल्याची, शाकारणीच्या मजुरीची पावती तारखेसह ठेवलेली असेल आणि होळीच्या सुमाराला काढलेले छपराचे दोन-चार फोटो मोबाईलमध्ये असतील तर आपलं म्हणणं पटवायला सोपं जातं.